पाहणीअंती दर कळवण्यात येईल

माणूस स्वतःचं वय सांगतो, दुखणी तर न विचारता सांगतो, पण आपल्या कामाचे किती घेणार हे सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या," असं म्हणून तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसतो. समोरच्याने खरोखरच योग्य वाटेल ते दिलं की मग जन्मभर त्याच्या नावाने बोटं मोडतो. मी या बाबतीत फार सज्जन माणूस आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा मला चांगला सराव आहे.

आमच्या बायकोला हा आजार नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वच्छता विभागाची ती बावीस वर्षं प्रमुख होती. मोठमोठे सर्जन तिच्या ओल्या फरशीवर पाय ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करायचे. मग तिथे एक नवा अधीक्षक आला आणि त्याने फिनेलच्या बाटलीलाही तीन सह्या मागायला सुरुवात केली. हिने दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि लोकांची घरं साफ करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. हॉस्पिटलमधूनच निवृत्त झालेल्या दोन सफाईवाल्या मावश्या तिच्या एका शब्दावर यायला तयार होत्या. पैज तिची तिनेच लावली होती. रजा संपेपर्यंत दहा घरं लागली तर राजीनामा, नऊ लागली तर मुकाट्याने परत त्या अधीक्षकाच्या हाताखाली. साडेनऊला काय, असं मी विचारलं होतं.

हँडबिल लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी चौतीस वर्षं एका कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात मसुदे लिहून निवृत्त झालो आहे. माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवायची कुठल्याही साहेबाची टाप नव्हती. वाचायचेच नाहीत ते, पण तो मुद्दा वेगळा.

हिने वहीचा एक कागद फाडून माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: "घर साफ करून मिळेल. दोन खोल्या आठशे. तीन खोल्या अकराशे. ओट्यामागचा चिकटा असल्यास दोनशे जास्त." खाली फोन नंबर.

"एवढंच?" मी म्हणालो.

"अजून काय पाहिजे? लोकांना काय कळायला हवं? काम काय, पैसे किती, फोन कुठे. हे असंच्या असं छापून आणा."

तो कागद वाचून मला घाम फुटला. आठशे. चारचौघांत, मोठ्या टायपात, आणि खाली आमच्या घरचा फोन. मी तिला बाजारपेठेचं मानसशास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. भाव आधीच सांगितला की गिऱ्हाईक बिचकतं, भाव सांगितला नाही की कुतूहल वाढतं, वगैरे. हे मानसशास्त्र मी त्याच क्षणी तयार करत होतो. ती एका मावशीशी फोनवर ब्रशांच्या केसांबद्दल बोलत होती, त्यामुळे ते वायाच गेलं.

सुदैवाने त्याच दिवशी साडू आले. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फरश्यांचं भलंमोठं दुकान आहे त्यांचं. दुकानात शेकडो फरश्या उभ्या आहेत आणि एकीवरही किंमत नाही. गिऱ्हाईक आलं की साडू आधी त्याची चप्पल बघतात, मग घड्याळ बघतात आणि मग किंमत ठरवतात. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. चष्मा काढला की ते उपदेश करणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

"भाव छापायचा नसतो," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडल्यावर?" हिने विचारलं.

"उघडायचीच नाही. आधी माणूस बघायचा. आपल्यातला असेल तर एक, परका असेल तर एक. तुझं हे कसं झालंय, अंगावर चिठ्ठी चिकटवून फिरल्यासारखं."

मला साडूंचं बोलणं सहसा पटत नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांना दुसरा चहा दिला.

एकदा घरात एखादा प्रश्न उपस्थित झाला की तो जिन्यावरून आपोआप खाली जातो आणि येताना माणसं घेऊन येतो. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांचं मत पडलं की भाव जरूर द्यावा, पण घरांची प्रतवारी करून द्यावा: स्वच्छ घर, मध्यम घर आणि मळलेलं घर. शाळेत त्यांनी मुलांच्या वह्यांची अशीच प्रतवारी केली होती. मी सहज विचारलं की बाई, तुमचं कुठल्या प्रतीत धरू. त्या उठून गेल्या आणि पुढचे आठ दिवस त्यांचं वर्तमानपत्र आमच्याकडे आलं नाही. प्रेसवाला म्हणाला, "भाव मोठा छापा आणि पुढे 'पासून' बारीक टाका. आठशेपासून. 'पासून' एवढं बारीक की मुंगीलासुद्धा चष्मा लागेल. सगळे असंच करतात." मला त्यात अप्रामाणिकपणा वाटला. मी प्रामाणिक माणूस असल्यामुळे मी भावच काढून टाकले.

आणि एकदा खोडरबर हातात घेतल्यावर बाकीचा मजकूरही मला फार उघडावाघडा वाटायला लागला. चौतीस वर्षांचा हात थोडाच गप्प बसणार? मी लिहिलं:

"सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, परिसरातील घरांच्या अंतर्गत स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येत आहे. तरी संबंधितांनी खालील क्रमांकावर संपर्क साधून पाहणीची वेळ निश्चित करून घ्यावी. घराची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल व पाहणीअंती दर कळवण्यात येईल."

वाचून माझं मलाच बरं वाटलं. असा मजकूर आयुष्यात दोन-तीनदाच जमतो.

आमच्याकडे नगरपालिकेचा शिक्का असल्याशिवाय हँडबिल वाटता येत नाही. मी खिडकीपाशी गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"यात भाव कुठेय?"

"पाहणीअंती," मी म्हणालो.

"मग ही जाहिरात नाही. जाहिरातीला भाव लागतो. रकाना क्रमांक नऊ." त्याने फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "भाव नसलेला व्यापार आमच्यात बसत नाही."

"मग कशात बसतं हे?"

त्याने रकाने वाचून दाखवले. व्यापारी सोडलं तर दोनच उरत होते: 'हरवले-सापडले' आणि 'जनहितार्थ'. मी विचार केला की आमचं अजून काही हरवलेलं नाही. जनहितार्थ म्हटल्यावर शुल्कही माफ होतं. कारकुनाने गोल जांभळा शिक्का असा दणकून मारला की खिडकीतली पेनं उडाली. प्रेसवाल्याने तो शिक्क्यासकट मजकूर दोन हजार प्रतींवर उमटवून दिला.

छापून आलेला गठ्ठा हिने सोडला. एक प्रत घेऊन उभ्या उभ्या वाचली. मग खुर्चीत बसून परत वाचली.

"भाव कुठायत?"

"पाहणीअंती."

"आणि पाहायला कोण जाणार?"

"मी जाईन की."

"हे वाचून मलाच भीती वाटतेय," ती म्हणाली. पण दोन हजार प्रती फेकून द्यायचं तिच्या हाताला जमेना. "ठीक आहे. दोन-तीन आठवडे बघू."

वाटायलाही मीच गेलो. ऊन नसताना टोपी घातली, कपाळावर खाली ओढली आणि ओळखीच्या इमारती टाळून पत्रपेट्यांतून कागद सरकवत सुटलो. एका जिन्यात एक गृहस्थ आडवे आलेच. काय वाटताय, म्हणाले. माझ्या तोंडून 'जाहिरात' हा शब्द निघेना. मी म्हणालो, "नोटीस आहे." त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतला. त्या क्षणी मला कळायला हवं होतं. पण कळायचंच असतं तर माझ्या आयुष्याचा बराच भाग वेगळा गेला असता.

दुसऱ्या दिवशी अकरा फोन आले. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. फोन करणाऱ्यांची एकच अडचण होती, त्यांना लांबची तारीख हवी होती. "पुढच्या आठवड्यात नाही का जमणार? घरात आजारपण आहे हो," असं एक बाई काकुळतीने म्हणाल्या. मी मोठ्या मनाने तारीख पुढे ढकलली. मागणी एवढी असताना थोडं थांबवलेलं बरं असतं, असं साडू सांगतात.

पहिल्या घराच्या जिन्यातच फिनेलचा वास आला. दार वाजवायच्या आधी उघडलं. यजमान इस्त्रीचा शर्ट घालून उभे, बाई पदर सारखा करत त्यांच्या मागे. फरशीत माझा चेहरा दिसत होता, आणि तो घाबरलेला होता. पंख्याची पाती, दिव्यांची बटणं, खिडकीचे गज, सगळं लखलखीत. मी वाकून पलंगाखाली पाहिलं. तिथे फक्त फरशी होती. आमच्या पलंगाखाली काय काय आहे हे आठवून मला अपराधी वाटलं.

"किती लागेल?" यजमानांनी विचारलं.

आता सांगू काय? जिथे मळच नाही तिथे दर कशाचा लावायचा? मी वही उघडली, पेन काढलं, थोडा वेळ छताकडे पाहिलं. "सध्या तरी काही दिसत नाही," मी म्हणालो.

बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की कॅलेंडर हललं. "सध्या तरी म्हणजे परत येणार का तुम्ही?"

"आवश्यकता भासल्यास," मी म्हणालो. असं वाक्य एकदा सुटलं की मला आवरत नाही. मी वहीत 'समाधानकारक' असं लिहिलं. त्यांनी तेच एका कागदावर लिहून मागितलं. मी सहीनिशी दिलं. तो कागद त्यांनी दर्शनी भिंतीवर लावला, असं मला नंतर कळलं.

आणि तिथून मामला हाताबाहेर गेला. एका इमारतीत पहिल्या मजल्यावर समाधानकारक मिळालं म्हटल्यावर दुसऱ्या मजल्याला झोप येईना. दुसऱ्या एका घरात सासूबाई मला हळूच सुनेच्या कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवत होत्या आणि सून भांडी घासता घासता सासूच्या ट्रंकेकडे मानेने खुणावत होती. मी दोघींनाही समाधानकारक दिलं, तर दोघीही नाराज झाल्या. तिसरीकडे एक खोली कुलूपबंद होती. "तिची किल्ली भावाकडे राहिलीये," घरमालक म्हणाले. तेवढ्यात आत काहीतरी धडाधडा कोसळलं आणि कपड्याचं एक टोक दाराखालून बाहेर आलं. मी सज्जन माणूस असल्यामुळे खिडकीबाहेर पाहिलं.

एक कबुली इथे द्यायला हवी. मला हे सगळं आवडत होतं. चौतीस वर्षांत मी खोलीत शिरलो म्हणून कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. इथे तर पडवळासारखी लांबलचक माणसं ताडकन उठत होती. लोक मला 'साहेब' म्हणत होते. मी चालताना हात मागे बांधायला लागलो होतो. घरी ही विचारायची, "आज किती कामं मिळाली?" मी म्हणायचो, "पाहणी सुरू आहे." कार्यालयात हे उत्तर दोन-दोन वर्षं पुरतं. इथे तीन आठवडे पुरलं.

तीन आठवड्यांत मी एकतीस घरं पाहिली. एकतीसही समाधानकारक. कामं मिळाली शून्य. हिने तेवढ्यात हॉस्पिटलच्या ओळखीने दोन घरं मिळवली होती, ती दोन्ही डॉक्टरांची. त्यांना तिने तोंडावर भाव सांगितला होता आणि त्यांनी निमूटपणे मान्य केला होता. हे ती जेवताना सांगायची, आणि मी ताटात बघून जेवायचो.

याच सुमारास जिन्यांतून एक माणूस मला वारंवार भेटायला लागला. मी वर जात असायचो आणि तो खाली उतरत असायचा. खांद्यावर लांब दांड्याचा झाडू, हातात दोन बादल्या, आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दल एक प्रकारचा जिव्हाळा. मी मनातल्या मनात त्याला बादलीवाला म्हणायचो. एका रविवारी सकाळी हा बादलीवाला आमच्या दारात उभा राहिला. अंगात नवा शर्ट होता.

"साहेब आहेत का?" त्याने हिला विचारलं. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला, त्यामुळे हिने वळून मागे पाहिलं.

तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. "वहिनी, साहेबांचे फार उपकार आहेत," तो म्हणाला. "आधी मी एकटा होतो. आता सात माणसं आहेत माझ्याकडे. फक्त एवढंच विचारायला आलो की पुढच्या आठवड्यात कुठल्या गल्लीत पाहणी आहे. आधी कळलं तर माणसं लावायला बरं पडतं. ऐनवेळी फार धावपळ होते."

हिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर बसली. "म्हणजे हे बघायला जायच्या आधी लोक तुमच्याकडून घर साफ करून घेतात?"

"मग काय. नगरपालिकेचा माणूस येणार म्हटल्यावर कोण घर तसंच ठेवील? जेवढी घाण तेवढा दंड. पाहणीअंती दर, असं लिहिलंयच की नोटिशीत." त्याने खिशातून एक कार्ड काढून अदबीने तिच्या हातात दिलं. "हे मी किराणा दुकानात लावलंय. लोकांना सोपं पडतं."

कार्डावर छापलं होतं: 'पाहणीपूर्व सफाई. दोन खोल्या सहाशे. तातडीची असल्यास सातशे.' ठळक टायपात, कुठेही 'पासून' नाही.

हिने कार्ड दोनदा वाचलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण ती कामाची बाई आहे, तिने कामाचंच विचारलं. "ओट्यामागचा चिकटा कशाने काढता?"

"तो नाही काढत," बादलीवाला माझ्याकडे मानेने दाखवत म्हणाला. "तिथे हे बघत नाहीत."

तो गेल्यावर हिने कप धुतला, पालथा घातला, हात पुसले.

"एक सांगा," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये माझा पगार वाढला की तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटायचात. वाण्याबरोबर भांडतानासुद्धा मधेच सांगितलात एकदा. मग आठशे छापायला काय झालं?"

मानसशास्त्र, कुतूहल, झाकली मूठ, सगळं माझ्या जिभेवर आलं आणि परत गेलं. "पगार म्हटलं की खुर्ची दिसते," मी म्हणालो. "आठशे म्हटलं की बादली दिसते."

"बादली तिथेही होतीच," ती म्हणाली. "तुम्ही कधी बघायला आला नाहीत एवढंच."

ती ओरडली असती तर मी वाद घातला असता. ती ओरडली नाही. मला मनापासून शरम वाटली. तिला तिच्या कामाची लाज नव्हती, मला होती. आणि तिच्या कामाची लाज मी महिनाभराच्या तिच्या रजेतून फेडत होतो. महिनाभर उरला होता, आणि आठ घरं उरली होती.

त्याच दुपारी मी तिचा वहीतला कागद शोधून काढला आणि प्रेसवर गेलो. घर साफ करून मिळेल, दोन खोल्या आठशे, तीन खोल्या अकराशे, चिकट्याचे दोनशे. एक अक्षर बदललं नाही. हात फार शिवशिवत होता, निदान शेवटी 'ही विनंती' तरी घालावी, पण घातली नाही.

नगरपालिकेच्या खिडकीत तोच कारकून होता. रकाना क्रमांक नऊ भरलेला बघून त्याला आनंद झाला. मग त्याने एक फाइल काढली. "तुमच्या मागच्या कामाबद्दल तक्रारी आहेत," तो म्हणाला. "मागच्या गल्लीतले विचारतायत की पुढच्या गल्लीत पाहणी झाली, मग आमच्या गल्लीला का डावललं." मी ती मोहीम बंद झाल्याचं सांगितलं. त्याने ते माझ्याकडून लेखी घेतलं. एकतीस घरांतली समाधानकारकं मात्र रद्द करायला मी नकार दिला, कारण ती घरं खरोखरच स्वच्छ होती.

या वेळी पत्रपेट्यांत कागद सरकवायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. चौकात उभा राहिलो आणि येईल त्याच्या हातात द्यायला लागलो. पहिले दहा कागद देताना कान तापले होते. माझ्याच विभागातला एक जुना सहकारी समोरून आला. त्याने कागद घेतला, वाचला, खालचा नंबर ओळखला. मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो.

"आठशे?" तो म्हणाला. "जास्त आहेत रे."

बस. एवढंच. पुढच्याने आठशे कमी वाटतात म्हणून कामाबद्दल शंका घेतली. त्याच्या पुढच्या बाई चिकट्याचे दोनशे यावर अडल्या आणि तिथेच उभ्या राहून मागच्या बाईशी वाद घालायला लागल्या की चिकटा हा खोलीत धरायचा का वेगळा. माझी लाज बघायला कुणाला फुरसतच नव्हती. लोक आकड्यात गुंतले होते. एवढ्यासाठी मी टोपी कपाळावर ओढून हिंडलो होतो.

मग घरं लागत गेली. कुलूपबंद खोलीवाल्यांनी सगळ्यात आधी फोन केला. फक्त त्या खोलीचे किती, असं विचारलं. मुख्याध्यापिका बाईंनी मधल्या दारातून सांगितलं की त्यांचं घर मध्यम असलं तरी त्या पूर्ण आठशे देतील. बादलीवाल्याचा सीझन संपला होता. तो स्वतः येऊन म्हणाला की ओट्यामागचं काम त्याच्या माणसांना येत नाही, तेवढं तुम्ही घ्या. रजेचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा नऊ घरं झाली होती. राजीनामा द्यायचा तर सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायला हवा होता. ही दिवसभर ब्रश धूत बसली होती, धुतलेलेच परत.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात ओले म्हणून तिने तो मोठ्या आवाजावर टाकला. साडू होते.

"ऐक," ते म्हणाले. "परवा आमच्याकडे बाहेरगावची मंडळी यायचीत. उद्या तू आणि तुझ्या त्या दोघी बायका या आणि एकदा घर झाडून काढा. जेवायलाच या."

"हो भावोजी, पण," ही म्हणाली आणि थांबली.

"पण काय? घरातल्या घरात कसले पैसे आलेत. तुम्ही ते भाव छापलेत ते बाहेरच्यांसाठी. म्हणूनच मी म्हणत होतो की छापू नका. आपल्या माणसांना उगीच अवघडल्यासारखं होतं."

हिने डॉक्टरांना तोंडावर आठशे सांगितले होते. अधीक्षकाला तोंडावर बरंच काही सांगितलं होतं. पण हे अक्काचं घर होतं. अक्काने स्वतःचं शिक्षण सोडून हिला शिकवलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही बोलत नाही. तिने भिंतीकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखला, तो माझा होता, टोपीखालचा.

मी फोन उचलला. "तीन खोल्या आहेत तुमच्या," मी म्हणालो. "अकराशे होतील. ओट्यामागचा चिकटा असेल तर दोनशे वेगळे."

पलीकडे चष्मा काढल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. "अहो," साडू म्हणाले, "काही नातं आहे की नाही आपलं?"

"आहे ना. म्हणून तर आधीच सांगतोय."

"हे तुम्ही बोलताय?"

"मीच बोलतोय," मी म्हणालो.

खुडबुड झाली आणि फोन दुसऱ्या हातात गेला. अक्का होती, जरा धापा टाकत. "काय म्हणतायत हे? किती?"

साडूंना सांगणं सोपं होतं. "अकराशे, अक्का," मी म्हणालो. "आणि चिकट्याचे दोनशे."

"चिकटा आहे," अक्का म्हणाली. ही डोळे मिटून उभी होती. "सुटले बाई," अक्का म्हणाली. "फुकट येणार म्हणून सकाळपासून स्टुलावर चढून जळमटं काढतेय मी. बहिणीने येऊन माझी घाण बघायची म्हणजे काय. पैसे द्यायचे असतील तर मी कशाला कंबर मोडून घेऊ?"

हिने माझ्या हातातून ओल्या हातानेच फोन घेतला. आवाज तिने हॉस्पिटलमधल्यासारखा कडक केला.

"अक्का, आधी खाली उतर," ती म्हणाली. "उद्या नऊला येते मी. तोवर कशाला हात लावू नकोस."